पेशी व जनुकोपचार : एका विद्यार्थिनीच्या प्रश्नाच्या निमित्ताने

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी संपादक दरवर्षी माझ्याकडून बालआरोग्यावर एक लेख मागून घेतात आणि मीही तो इमानेइतबारे देते. लसीकरण, जंत, बाळाचे वरचे अन्न, तापातील झटके हे विषय आजवर लिहून झाले. यंदाचा विषय मात्र मी निवडलेला नाही. तो जोयडा तालुक्यातील एका मुलीने माझ्यापुढे ठेवला, आणि त्याचे उत्तर शोधताना माझ्याच ज्ञानातील भगदाडे मला दिसू लागली. पन्नाशी उलटल्यावर पुन्हा पुस्तके उघडावी लागली. त्या अभ्यासातून जे हाती आले ते डॉक्टर बंधुभगिनींपुढे आणि आपल्या समाजातील जिज्ञासू वाचकांपुढे मांडत आहे.

जोयडा म्हणजे पूर्वीचा सुपा तालुका. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावरचे सुपा गाव धरणाच्या पाण्यात गेले आणि तालुक्याचे मुख्य ठिकाण जोयड्याला आले. आमचे जुने घरही त्याच पाण्याखाली आहे. मी दांडेलीत व्यवसाय करते आणि महिन्यातून एका रविवारी जोयड्याला मुले तपासायला जाते. दाट जंगल, दूरदूर विखुरलेल्या वाड्या, दिवसातून मोजक्या फेऱ्या करणारी बस, हे तिथले रोजचे जीवन. अशा एका वाडीवरचे कुणबी कुटुंब सुमारे पंधरा वर्षांपूर्वी दहा महिन्यांचा मुलगा घेऊन माझ्याकडे आले होते. रांगताना पडून वरच्या ओठाच्या आतील बारीकसा पडदा फाटला होता आणि तीन दिवस रक्त थांबत नव्हते. आईला विचारले तेव्हा कळले की तिचा एक भाऊ लहानपणी दात पडल्यावर रक्तस्राव होऊन गेला होता. पुढचे निदान अवघड नव्हते. फॅक्टर ८ एक टक्क्याहून कमी, म्हणजे तीव्र स्वरूपाचा हिमोफिलिया-ए.

मी ज्या मुलीविषयी लिहीत आहे ती या मुलाची थोरली बहीण. भावाच्या फॅक्टरच्या बाटल्या बर्फ घातलेल्या थर्मासमधून आणण्याचे काम तिने शाळकरी वयापासून केले. पावसाळ्यात अणशी घाटात दरड कोसळली की कारवारचा रस्ता बंद, आणि भावाचा गुडघा नेमका तेव्हाच सुजणार, हे तिला पाठ झाले होते. दहावीपर्यंत कन्नड माध्यमातून शिकून ती पुढे धारवाडला गेली आणि जैवतंत्रज्ञानात बी. एस्‌सी. झाली. डिसेंबर २०२४ मध्ये वर्तमानपत्रांत बातमी आली की वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात हिमोफिलिया-एच्या पाच रुग्णांवर जनुकोपचार करण्यात आले आणि त्यांचे रक्तस्राव थांबले. त्या महिन्याच्या रविवारी ती वडिलांसह माझ्यासमोर येऊन बसली. वडिलांनी एकच विचारले, ‘‘बाई, किती पडतील?’’ मुलीचा प्रश्न वेगळा होता : ‘‘हे शिकायचे असेल तर कुठे जायचे?’’

दोन्ही प्रश्नांचे धड उत्तर मला देता आले नाही. पैकी वडिलांच्या प्रश्नाने मी अधिक अस्वस्थ झाले, कारण तो मी पूर्वी एकदा ऐकला होता.

ती गोष्ट २०१२ च्या सुमाराची. याच तालुक्यातील आठ वर्षांचा एक मुलगा ड्युशेन स्नायुक्षयाने आजारी होता. पोटऱ्या फुगलेल्या, जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत उठणारा. कुणीतरी वडिलांना एका मोठ्या शहरातील खासगी केंद्राचे माहितीपत्रक आणून दिले. ‘स्टेम सेल’ने स्नायू पुन्हा भरतात असे त्यात लिहिले होते. वडिलांनी मला विचारले आणि मी म्हणाले, ‘‘करून पाहायला हरकत नाही.’’ हे वाक्य मी अज्ञानातून उच्चारले होते. नाही म्हणण्याइतके मला त्या विषयातले ठाऊक नव्हते, आणि ठाऊक नाही असे म्हणण्याचे धैर्यही नव्हते. तीन वेळा इंजेक्शने झाली, भातशेत गहाण पडले. दहाव्या वर्षी मुलाचे चालणे थांबले, एकोणिसाव्या वर्षी तो गेला. शेत अद्याप सुटलेले नाही. वडील अजूनही मला रस्त्यात नमस्कार करतात.

म्हणून या वेळी मी दोघांनाही सांगितले की मला एक महिना द्या.

विषय नेमका कोणता?

पेशी-उपचार ही कल्पना आपल्याला वाटते तितकी नवी नाही. रक्त चढवणे हाही एका अर्थी पेशी-उपचारच. १९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी भारतातील पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. दात्याच्या मूलपेशी रुग्णाच्या शरीरात जाऊन रुजतात आणि आयुष्यभर रक्त तयार करतात, हे तेव्हापासून आपल्या देशात सिद्ध आहे. नवीन आहे ते पुढचे पाऊल. दात्याच्या पेशी न घेता रुग्णाच्याच पेशी बाहेर काढायच्या, त्यांच्यातील जनुकीय मजकुरात भर घालायची किंवा दुरुस्ती करायची, आणि त्या परत द्यायच्या. येथे पेशी-उपचार आणि जनुकोपचार एकत्र येतात, आणि म्हणूनच आज जगभर हा जोडविषय म्हणून शिकवला जातो.

त्या कुटुंबाला समजावताना मी भातशेतीचा आधार घेतला. आपण आधी तरवा टाकतो, रोपे उपटून जुड्या बांधतो, शेतात चिखलणी करतो आणि मग लावणी करतो. वेल्लोरच्या उपचाराचा क्रमही असाच आहे. औषध देऊन मूलपेशी अस्थिमज्जेतून रक्तात उतरवायच्या आणि यंत्राद्वारे वेगळ्या काढायच्या, हे झाले रोपे उपटणे. प्रयोगशाळेत त्या रोपांत फॅक्टर ८ चे जनुक घालायचे. दरम्यान रुग्णाला तीव्र केमोथेरपी देऊन जुनी मज्जा रिकामी करायची, ही चिखलणी. मग शिरेतून पेशी परत सोडायच्या, ही लावणी. वडिलांना हे चटकन उमगले. चिखलणीवाचून लावणी नाही, म्हणजे पोराला आधी मोठ्या त्रासातून जावे लागणार, हे त्यांनी स्वतःच बोलून दाखवले.

आईचा प्रश्न मात्र मला अनपेक्षित होता. जनुक पेशीच्या आत नेण्यासाठी लेंटिव्हायरस नावाचा वाहक विषाणू वापरतात, असे मुलीने तिला सांगितले होते. आईने आशाताईंकडून ऐकलेल्या माहितीच्या आधारे विचारले, ‘‘म्हणजे एड्सचाच विषाणू ना?’’ हा प्रश्न एम. डी. च्या तोंडी परीक्षेत विचारण्याच्या योग्यतेचा आहे! उत्तर असे, की होय, हा वाहक एचआयव्हीपासूनच घडवला आहे. त्या विषाणूपाशी पेशीत शिरून आपला मजकूर तिच्या गुणसूत्रात कायमचा चिकटवण्याचे विलक्षण कौशल्य आहे. शास्त्रज्ञांनी तेवढे कौशल्य ठेवले आणि रोग उत्पन्न करणारी व पुनरुत्पादन करणारी जनुके काढून टाकली. उरलेले आवश्यक भाग वेगवेगळ्या तुकड्यांत विभागून ठेवले, की ते पुन्हा एकत्र येऊन जिवंत विषाणू तयार होऊ नये. तरीही तसे कधी घडले आहे का, हे प्रत्येक खेपेस तपासावे लागते. ती तपासणी कशी करायची हा पदव्युत्तर अभ्यासक्रमातील एक स्वतंत्र पाठच आहे.

जनुक देण्याची दुसरीही एक पद्धत आहे. पेशी बाहेर न काढता एएव्ही नावाच्या लहानशा विषाणूतून जनुक थेट शिरेवाटे देतात, आणि ते यकृतात जाऊन काम करते. हिमोफिलिया-बीसाठी अमेरिकेत नोव्हेंबर २०२२ मध्ये आणि हिमोफिलिया-एसाठी जून २०२३ मध्ये अशा औषधांना मान्यता मिळाली. हिमोफिलिया-बीच्या औषधाची किंमत ३५ लाख डॉलर ठेवण्यात आली. आम्हा बालरोगतज्ज्ञांच्या दृष्टीने यात एक महत्त्वाची मेख आहे. एएव्हीतून दिलेले जनुक सहसा गुणसूत्रात चिकटत नाही, ते पेशीत सुटे राहते. मुलाचे यकृत वाढत असते, पेशी विभागत असतात, आणि सुटे जनुक प्रत्येक विभाजनागणिक विरळ होत जाते. शिवाय या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे पुष्कळांच्या रक्तात आधीपासूनच असतात, त्यांना हा उपचार लागू पडत नाही. मूलपेशींची वाट कष्टाची असली तरी तीत जनुक कायमचे राहते. वेल्लोरच्या संशोधकांनी अटलांटाच्या एमोरी विद्यापीठातील सहकाऱ्यांसमवेत ही वाट का धरली, ते यावरून ध्यानात येईल.

त्या अभ्यासाचे आकडे मी मुद्दाम देते, कारण बातमीत ‘हिमोफिलिया बरा झाला’ एवढेच छापून आले होते. डॉ. आलोक श्रीवास्तव आणि सहकाऱ्यांचा हा निबंध ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्ण पाच, सर्व प्रौढ, वय २२ ते ४१. पहिल्या दोघांना दिलेल्या पेशींत जनुक बेताचेच शिरले, आणि त्यांच्या रक्तातील फॅक्टर ८ ची पातळी सुमारे ५ व २ टक्के राहिली. पुढील तिघांच्या वेळी जनुक पेशीत अधिक शिरावे म्हणून एक साहाय्यक द्रव्य वापरले, तेव्हा पातळी सुमारे ३७, १९ व ४० टक्क्यांवर गेली. पाचही जणांत उपचारानंतर रक्तस्रावाचा वार्षिक दर शून्य होता. पाठपुरावा मात्र सर्वांचा मिळून ८१ महिन्यांचा, एकेकाचा ९ ते २७ महिन्यांचा. या विषयाच्या विद्यार्थ्याने पहिल्या दोघांचे आकडे आणि शेवटच्या तिघांचे आकडे यांच्यातील अंतर का पडले, हे सांगता यायला हवे. उपचार तोच, रोग तोच, केमोथेरपीचा त्रास तसाच. प्रयोगशाळेतील एका टप्प्याने फरक पडला.

हा अभ्यास कशाकशाचा करायचा?

मुलीच्या प्रश्नाकडे येते. माझी प्रथम अशी समजूत होती की हा विषय म्हणजे रेणवीय जीवशास्त्राची पुढची पायरी. चौकशी केल्यावर दिसले की निम्मा विषय जीवशास्त्राबाहेरचा आहे. औषधाची गोळी कारखान्यात एकदा लाखोंनी तयार होते. येथे प्रत्येक रुग्णासाठी वेगळे औषध तयार होते, आणि ते जिवंत असते. त्याला उकळून निर्जंतुक करता येत नाही, कारण पेशीच मरतील. म्हणून पहिल्या क्षणापासून जंतू शिरणारच नाही अशी खोली, असा पोशाख, अशी हालचाल शिकावी लागते. अंतिम बाटलीत जिवंत पेशी किती टक्के, त्यांपैकी हव्या त्या प्रकारच्या किती, प्रत्येक पेशीत जनुकाच्या सरासरी प्रती किती, जंतू, मायकोप्लाझ्मा वा एंडोटॉक्सिन आहे का, हे सर्व तपासून, सही करून मगच बाटली रुग्णापर्यंत जाते. एका रुग्णाची बाटली दुसऱ्याला जाणे हा येथे अक्षम्य गुन्हा, म्हणून शिरेपासून शिरेपर्यंत नावाची साखळी कशी अखंड ठेवायची हाही अभ्यासाचा भाग आहे. त्याशिवाय द्रवरूप नायट्रोजनमधील साठवण, संख्याशास्त्र, चाचण्यांची आखणी, औषध नियंत्रणाचे कायदे, खर्चाचा हिशेब आणि नीतिशास्त्र.

नीतिशास्त्राला अभ्यासक्रमात दिलेली जागा मला प्रथम शोभेची वाटली होती. या विद्येचा इतिहास वाचल्यावर मत बदलले. १४ सप्टेंबर १९९० रोजी अमेरिकेत चार वर्षांच्या आशांती डिसिल्व्हा या मुलीवर पहिला मान्यताप्राप्त जनुकोपचार झाला, आणि सर्वत्र जल्लोष झाला. सप्टेंबर १९९९ मध्ये फिलाडेल्फियात जेसी गेल्सिंगर हा अठरा वर्षांचा तरुण वाहक विषाणूच्या तीव्र प्रतिक्रियेने दगावला. त्याचा आजार आहार व औषधांनी काबूत होता, तो दुसऱ्यांच्या उपयोगी पडावे म्हणून चाचणीत आला होता. पॅरिसमध्ये प्रतिकारशक्तीविना जन्मलेल्या बालकांना जनुकोपचाराने नवे आयुष्य मिळाले, आणि त्यांतीलच काहींना पुढे रक्ताचा कर्करोग झाला, कारण वाहकाने जनुक नको त्या जागी चिकटवले होते. आज वापरात असलेल्या वाहकांतील सुरक्षेच्या तरतुदी या मुलांनी मोजलेल्या किमतीतून आल्या आहेत. ड्युशेन स्नायुक्षयासाठी अमेरिकेने २०२३ मध्ये मान्य केलेल्या जनुकोपचारानंतर २०२५ मध्ये चालणे थांबलेल्या दोन मुलांचा यकृत निकामी होऊन मृत्यू झाला, आणि पुढे तो उपचार चालू शकणाऱ्या मुलांपुरताच मर्यादित करण्यात आला. हे वाचताना मला आमचा तो आठ वर्षांचा मुलगा आठवत होता. त्याला मिळाले होते ते या कोटीतले काहीच नव्हते; पण आशेची भाषा तीच होती.

वाटा

वैद्यकीय पदवी असणाऱ्यांची वाट अशी. एम. बी. बी. एस. नंतर बालरोग किंवा मेडिसिनमध्ये एम. डी., मग क्लिनिकल हिमॅटॉलॉजी, मेडिकल वा पीडिअॅट्रिक ऑन्कॉलॉजी किंवा मेडिकल जेनेटिक्समध्ये डी. एम. वेल्लोर, मुंबईचे टाटा मेमोरियल, लखनौचे संजय गांधी पदव्युत्तर संस्थान ही यातली ठळक नावे. मूलपेशी देण्याचा, केमोथेरपीनंतरच्या त्या भयंकर पंधरवड्यात रुग्णाला जपण्याचा अनुभव येथेच मिळतो, आणि त्याच्यावाचून बाकीचे ज्ञान पांगळे आहे.

विज्ञान पदवीधरांना एम. एस्‌सी. ची वाट आहे. बंगळूरला मणिपाल विद्यापीठाची पुनरुज्जीवन वैद्यकाची संस्था, कोल्हापूरला डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठाचा मूलपेशी व पुनरुज्जीवन वैद्यकाचा अभ्यासक्रम, हे आपल्या भागातून त्यातल्या त्यात जवळचे. नेमके ‘सेल अँड जीन थेरपी’ याच नावाची एम. एस्‌सी. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात आहे. तिथल्या शुल्काचा विचार जोयड्यातील मुलीने करावा असे मी सुचवणार नाही. साधी जैवतंत्रज्ञानाची वा सूक्ष्मजीवशास्त्राची एम. एस्‌सी. उत्तम गुणांनी करून, नेट परीक्षेतून शिष्यवृत्ती मिळवून, पीएच. डी. साठी चांगल्या प्रयोगशाळेत शिरणे हा मार्ग लांबचा असला तरी त्यात घरचे पैसे लागत नाहीत. पुण्याची राष्ट्रीय पेशीविज्ञान संस्था, खारघरचे टाटा स्मारक केंद्राचे ‘अॅक्ट्रेक’, मुंबईची आय. आय. टी., वेल्लोरचे मूलपेशी संशोधन केंद्र येथे हे काम प्रत्यक्ष चालते. पैशाअभावी मुली मागे पडतात तेव्हा पालकांना हा शिष्यवृत्तीचा भाग कुणी समजावून सांगितलेला नसतो, असा माझा अनुभव आहे.

या संस्थांतील अभ्यास कागदावर राहत नाही याचे उदाहरण आपल्या शेजारच्या राज्यातच आहे. आय. आय. टी. मुंबईचे प्रा. राहुल पुरवार आणि टाटा स्मारक केंद्रातील डॉक्टर यांनी मिळून रुग्णाच्याच टी-पेशींना कर्करोगाच्या पेशी ओळखायला शिकवणारा ‘नेक्सकार१९’ हा उपचार विकसित केला. जून २०२१ मध्ये अॅक्ट्रेकला पहिल्या रुग्णावर तो वापरला, ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती श्रीमती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. ६४ रुग्णांच्या अभ्यासात सुमारे ७३ टक्क्यांनी प्रतिसाद दिला. याच जातीच्या पहिल्या अमेरिकन उपचाराची किंमत २०१७ साली ४ लाख ७५ हजार डॉलर होती. आपल्याकडील उपचार सुमारे ३० ते ४० लाख रुपयांच्या घरात आला. त्याचप्रमाणे दिल्लीच्या जनुकशास्त्र संस्थेने सिकलसेलसाठी विकसित केलेले ‘बिरसा-१०१’ हे जनुक-संपादनाचे तंत्र नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले आणि ते पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवण्यात आले आहे. चंद्रपूर-गडचिरोलीकडे काम केलेल्या आपल्या सदस्यांना याचे मोल सांगायला नको. किमती उतरतात त्या येथे शिकलेल्या माणसांनी येथे वाहक आणि पेशी तयार केल्या म्हणून.

ज्यांना पुन्हा विद्यार्थी व्हायचे नाही अशा माझ्यासारख्या तालुक्याच्या डॉक्टरांनी किती शिकावे? मी माझ्यापुरते तीन प्रश्न ठरवले आहेत. पालक एखादे माहितीपत्रक घेऊन आले की प्रथम विचारते, ही मान्य उपचारपद्धती आहे की चाचणी? चाचणी असेल तर भारतीय नैदानिक चाचणी नोंदवहीत तिचा क्रमांक कोणता? आणि चाचणी म्हणत असूनही पैसे मागत आहेत काय? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मूलपेशीविषयक मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांतील प्रत्यारोपण सोडले तर मूलपेशींचा वापर केवळ चाचणीतच करता येतो, आणि चाचणीतील रुग्णाकडून त्याचे मोल घ्यायचे नसते. जनुकोपचारासाठी २०१९ ची वेगळी तत्त्वे आहेत. स्वमग्न मुलांना मूलपेशी देऊ नयेत, अशी शिफारस राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या समितीने २०२२ मध्ये केली. मी एवढे जरी २०१२ साली वाचले असते तर, त्या वेळी जी तत्त्वे होती त्यांच्याही आधारे, एक शेत वाचले असते.

महिन्याने ते कुटुंब पुन्हा आले तेव्हा वडिलांना सांगितले की शेताला हात लावायचा नाही. हा उपचार अजून विकत मिळत नाही, आणि ज्यांच्यावर झाला ते सर्व प्रौढ आहेत. तुमचा मुलगा सोळाचा. केमोथेरपीने पुढे मूल होण्याची क्षमता जाऊ शकते, त्याचाही निर्णय त्याला स्वतःला कळत्या वयात घ्यायचा आहे. तोवर सांधे वाचवायचे. रक्तस्राव झाल्यावर फॅक्टर देण्यापेक्षा आधीच नियमित, थोड्या मात्रेत देण्याची पद्धत आता आम्ही सुरू केली आहे, त्वचेखाली टोचायची नवी औषधेही आहेत. वडिलांनी ऐकून घेतले. मुलगा मात्र म्हणाला, ‘‘तोवर म्हणजे किती वर्षे?’’ त्याला मी आकडा सांगितला नाही.

मुलीने त्याच दिवशी स्वतःच्या वाहकत्वाची तपासणी करून घ्यायचे ठरवले. मामा असा गेलेला आणि भाऊ असा जन्मलेला, म्हणजे आई वाहक आहेच, आणि तिच्या मुलीला तो वारसा मिळण्याची शक्यता निम्मी. तीव्र हिमोफिलिया-एच्या जवळजवळ ४५ टक्के रुग्णांत जनुकातील एक ठरावीक मोठा तुकडा उलटा बसलेला असतो, म्हणून तपासणीची सुरुवात तिथून करतात. हे मला तिनेच समजावून सांगितले. तिचा अहवाल काय आला हा तिचा खासगी विषय आहे. मात्र तिने मला बजावले की लेखात हे लिहा, नाहीतर मुली लग्न ठरेपर्यंत तपासणी करतच नाहीत.

तिला एम. एस्‌सी. ला प्रवेश मिळाला. कुठे ते लिहीत नाही, तिथले प्राध्यापकही कदाचित ही स्मरणिका वाचतील. वेळोवेळी ती फोन करते. पहिला महिनाभर हातमोजे कसे चढवायचे, दोन्ही हात कमरेच्या वर कसे ठेवायचे आणि झोताच्या कपाटासमोर उभे राहून बोलायचे कसे नाही एवढेच शिकवले, म्हणून ती वैतागली होती. मग एकदा रात्री फोन आला. गोठवलेल्या पेशींची कुपी तिने प्रथमच स्वतःच्या हाताने वितळवली होती. पाण्यात थोडी अधिक वेळ राहिली आणि निम्म्याहून अधिक पेशी मेल्या. ‘‘बाई, या कुणाच्या नव्हत्या, सरावाच्या होत्या,’’ ती म्हणाली. मग विचारले, भावाने गुरुवारचा डोस घेतला का. मी म्हणाले, घेतला; मी स्वतः फोन करून विचारले होते.